बाळंतपणाचा प्रवास : गिरणगावातील दांपत्यांची पूर्वतयारी

मुंबईत संसार आणि गावी बाळंतपण, ही गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या वस्त्यांतील शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. कापड गिरण्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे आली, चाळींतून राहिली. परंतु त्यांची मुले मात्र बहुधा मुंबईत जन्मली नाहीत. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झाले, की पत्नीला माहेरी पोचविण्याची तयारी सुरू होई. पती तिला बोटीत किंवा गाडीत बसवून देई आणि स्वतः खोलीवर परत येऊन खानावळीत जेवू लागे. मूल झाल्याची वार्ता त्याला पत्राने वा तारेने कळत असे. आज गिरण्या राहिल्या नाहीत, बोट राहिली नाही, तारही राहिली नाही. प्रवास मात्र चालू आहे. तो सुरक्षित व्हावा यासाठी पती-पत्नींनी मिळून काय करावे आणि मुंबईतील व गावाकडील यंत्रणांनी त्यांना कोणते साहाय्य द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

जुने आकडे काय सांगतात

मुंबई शहरात १९२१ साली नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ६६६ बालकांचे मृत्यू नोंदले गेले. हा आकडा वाचून आजही मन सुन्न होते. एका खोलीत बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबांतील प्रमाण तर याहूनही अधिक होते. परंतु या आकड्यात एक मेख आहे. मूल जन्मले गावी, त्याची जन्मनोंद मुंबईत नाही; काही महिन्यांनी आई त्याला घेऊन चाळीत परतली आणि तेथे ते दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. भागाकारातील वरचा आकडा एका ठिकाणचा आणि खालचा दोन ठिकाणी विभागलेला, असे झाल्यावर प्रमाण फुगणारच. वास्तव भीषण होते यात शंका नाही. पण माता दोन गावांत विभागली गेली म्हणजे तिचा हिशेब कोणत्याच गावाला नीट ठेवता येत नाही, हा धडा या आकड्यातूनच मिळतो. तो आजही लागू आहे.

ज्या स्त्रिया स्वतः गिरणीत कामाला होत्या त्यांची स्थिती आणखी बिकट होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत त्या प्रामुख्याने असत. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत प्रसूतीसाठी बारा आठवड्यांच्या रजेचा ठराव झाला. त्यानंतर मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक करून गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करविली. कामाच्या वेळी मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची प्रथा किती सर्रास होती, हे त्या पाहणीतून प्रकाशात आले. आईला निर्दय म्हणणे सोपे होते. रजा नाही, पाळणाघर नाही आणि खोलीत दुसरे माणूस नाही, अशा स्थितीत तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

तो प्रश्न मुंबई विधिमंडळात विचारला गेला. प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले असता २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाबासाहेब तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. कामगार वस्तीतील स्त्रीचे जिणे त्यांनी शेजारून पाहिले होते. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलणे रास्त असले तरी मालकालाही त्यातून पूर्णपणे मोकळे राहता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, दिवसाला आठ आणे, एवढाच तो लाभ. परंतु देशातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. पुढे १९६१ साली केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. त्यापैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. माहेरी जाण्याची तारीख ठरविताना नोकरी करणाऱ्या स्त्रीने हा हिशेब आधी मांडावा. आधी घेतलेली प्रत्येक रजा नंतरच्या रजेतून वजा होते. घरकाम करणाऱ्या किंवा रोजंदारीवरील स्त्रीला मात्र अशी भरपगारी रजा प्रत्यक्षात मिळत नाही, ही उणीव अद्याप भरून निघालेली नाही.

बाळंतपण कोठे करावे

पहिले बाळंतपण माहेरी, हा संकेत आपल्याकडे पक्का आहे आणि त्यामागे शहाणपण आहे. आईच्या हाताखाली मुलीला विश्रांती मिळते, संकोच राहत नाही आणि १६० चौरस फुटांच्या खोलीतील दाटीतून काही महिने सुटका होते. तथापि हा निर्णय घेताना दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. परळ, लालबाग आणि नायगावच्या रहिवाशांच्या दारात या देशातील जुनी व अनुभवी रुग्णालये उभी आहेत. नौरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली परळमध्ये सुरू झाले, ते मुख्यतः कामगार स्त्रियांसाठीच. केईएम रुग्णालय त्याच वर्षीचे. बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे. कामा रुग्णालय त्याहूनही जुने, १८८६ चे. गिरगावकरांना ते सोयीचे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी ती मोठा आधार ठरली आहे.

तेव्हा ज्या स्त्रीचा रक्तदाब वाढलेला आहे, जिला मधुमेह आहे, जुळे आहे, पूर्वी शस्त्रक्रियेने प्रसूती झाली आहे किंवा वार खाली आहे, तिने ही रुग्णालये सोडून तालुक्याच्या गावी जाणे हिताचे नाही. अशा वेळी मुलीने माहेरी जाण्याऐवजी आईने मुलीकडे यावे. खोली लहान आहे ही अडचण खरी. पण पतीने काही दिवस रात्री मित्राकडे किंवा मंडळाच्या खोलीत झोपणे, हे रक्तस्रावाच्या प्रसंगी रात्री घाट उतरण्यापेक्षा केव्हाही सोपे. प्रसूतीला अडथळा नाही आणि माहेरच्या गावाजवळ शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालय आहे, अशी खात्री झाल्यास माहेरी जाण्यास हरकत नाही. ही खात्री पत्नीच्या घरच्यांवर न सोपविता पतीने स्वतः करून घ्यावी. ते रुग्णालय घरापासून किती अंतरावर आहे, रात्री तेथे भूलतज्ज्ञ असतो काय, पावसाळ्यात वाटेतील ओढ्याला पाणी येते काय, एवढे तीन प्रश्न तरी विचारावेत.

प्रवास केव्हा, कसा

गर्भारपणातील प्रवासाला चौथ्या महिन्यापासून सातव्याच्या प्रारंभापर्यंतचा काळ सर्वांत चांगला समजला जातो. ओकाऱ्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून फार जड झालेले नसते. आठव्या महिन्यात घराबाहेर पाठवू नये, असा आपल्याकडे समज आहे. त्याचा परिणाम काही घरांत असा होतो की सातव्यात निघणे जमले नाही तर आठवा टाळून नवव्यात प्रवास केला जातो. रीत पाळल्याचे समाधान मिळते आणि धोका वाढतो. सातव्यात निघावे हा जुना सल्ला योग्य. पण तो चुकला तर नवव्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा, आणि दिवस भरत आले असतील तर मुंबईतच राहावे.

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील गर्भवती स्त्रियांची मोठी सोय झाली आहे. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस ही तर परळ-लालबागकरांची घरचीच गाडी. रेल्वेत पाय मोकळे करता येतात, शौचालय असते, आडवे पडता येते. बस किंवा मोटारीपेक्षा हे अधिक बरे. आरक्षण करताना गर्भवतीसाठी खालच्या बर्थची वेगळी तरतूद आहे, तिचा लाभ वैद्यकीय दाखला जोडून घ्यावा. गणेशोत्सवाच्या दिवसांत मात्र या गाड्यांत उभे राहायलाही जागा मिळत नाही. गौरीचा सण माहेरी करण्याची ओढ कितीही असली तरी त्या आठवड्यात गर्भवतीने प्रवास करू नये. पंधरा दिवस आधी जावे, नाही तर जाऊ नये.

एस.टी.मध्ये १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ही योजना स्वागतार्ह आहे, परंतु निम्मे भाडे वाचते म्हणून आगगाडी सोडून रात्रभर खड्ड्यांतून बसने जावे, असा त्याचा अर्थ होऊ नये. बसनेच जाणे भाग असेल तर मागच्या चाकावरील व त्यामागील बाके टाळून मधल्या भागातील जागा घ्यावी. दर दीड-दोन तासांनी, बस आगारात थांबली की, उतरून पाच मिनिटे चालावे. एका जागी दीर्घकाळ बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव गर्भारपणात वाढतो. पाय चालते ठेवणे आणि पाणी पिणे हाच त्यावर साधा उपाय आहे. वाटेत शौचालयाची सोय नसते म्हणून पुष्कळ स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे चूक आहे. आणि आगारातील शौचालये स्वच्छ ठेवणे ही गोष्ट माता-आरोग्याच्या कार्यक्रमात मोडते, हेही संबंधितांनी ध्यानात घेतलेले बरे. मोटारीत पट्टा अवश्य बांधावा. आडवा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली, मांड्यांच्या वरच्या बाजूस घ्यावा. विमान कंपन्या शेवटच्या काही आठवड्यांत डॉक्टरांचा दाखला मागतात व नंतर प्रवेश नाकारतात. कंपनीगणिक नियम वेगळे असल्याने तिकिटापूर्वीच विचारावे.

दूरच्या प्रवासाची एवढी चर्चा होते. पण दादर ते चर्चगेट हा रोजचा प्रवास नऊ महिने चालू असतो, त्याचे काय? गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावरून उतरणे हे सातव्या महिन्यातील स्त्रीला घाटापेक्षा अवघड असते. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात गर्भवती स्त्रियांना प्रवास करता येतो आणि बेस्टच्या बसमध्ये त्यांना पुढच्या दाराने चढता येते, ही माहिती अनेकींना नसते. असली तरी संकोच आड येतो. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास शेवटच्या महिन्यांत अर्धा-पाऊण तास उशिरा येण्याची व लवकर जाण्याची मुभा दिली तर गर्दी टळते. यासाठी खर्च काहीच येत नाही.

कागद जोडीने जावेत

मुंबईतील महानगरपालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदविलेली स्त्री सातव्या महिन्यात गावी जाते, तेव्हा तिच्यासोबत लाडू जातात, लुगडी जातात आणि माता-बाल संरक्षण कार्ड पुष्कळदा खोलीतील ट्रंकेत राहते. गावच्या आरोग्यसेविकेला तिचे हिमोग्लोबिन किती होते, धनुर्वात-घटसर्पाची लस झाली की नाही, सोनोग्राफीत काय दिसले, यातील काही कळत नाही. मुंबईला वाटते ती गावी गेली. गावाला वाटते ती मुंबईची. १९२१ च्या आकड्यातील मेख ती हीच. कार्ड, तपासण्यांचे सर्व अहवाल, रक्तगट, आधार, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे एका पिशवीत घालून पत्नीसोबत पाठविणे आणि त्यांची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवणे, हे काम पतीने आपले मानावे. गावी पोचल्यावर आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी असते. गावातील पहिली ९ तारीख चुकवू नये. माहेरपणाला आलेल्या गर्भवती गावच्या यादीत नसतात, म्हणून आशा कार्यकर्ती आणि पंचायत सदस्य यांनी अशा घरी आपण होऊन चौकशी केली पाहिजे.

रक्तगटाचा उल्लेख विशेष हेतूने केला आहे. पत्नीचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह व पतीचा पॉझिटिव्ह असेल आणि मूल पॉझिटिव्ह निघाले, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेला अँटी-डी हे इंजेक्शन द्यावे लागते. ते न मिळाल्यास पुढील गर्भाला धोका पोचतो. हे औषध प्रत्येक लहान केंद्रात हाताशी असेलच असे नाही. हा प्रश्न केवळ पत्नीच्या तपासणीने सुटत नाही. पतीलाही दंड पुढे करून रक्त द्यावे लागते. थॅलेसिमियाचेही तसेच. पत्नीत दोष आढळला तर पतीची तपासणी करावीच लागते. "मला काय झालंय?" असे म्हणून ती टाळणारे पती सुशिक्षितांतही आढळतात.

अर्थसाहाय्याची माहितीही निघण्यापूर्वी घ्यावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, आहार, रक्त आणि घरी परतण्याचे वाहन विनामूल्य आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. रक्कम मातेच्या खात्यात जमा होते, म्हणून खाते तिच्या स्वतःच्या नावाचे हवे.

घरची तयारी

मूल होण्यापूर्वी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे मन न दुखविताही तयारी करता येते. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, लंगोट, झबली आणि टोपडी धुऊन उन्हात वाळवून ठेवली तर ती नवीनांपेक्षा बाळाला अधिक सुखाची असतात. त्याबरोबर मातेचे कपडे, कागदपत्रांची पिशवी, थोडी रोख रक्कम आणि रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांचे दूरध्वनी क्रमांक इतके नवव्या महिन्याच्या आरंभी सिद्ध असावे. अळीव-डिंकाचे लाडू अवश्य करावेत. शेगडीचा शेक मात्र बंद खोलीत नको. कोळशाचा विषारी वायू साचून माय-लेकरे दगावण्याचा धोका असतो. चीक फेकून न देता जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला पाजावा आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय गुटी, मध, पाणी काहीही देऊ नये. याबाबतीत आजी आणि डॉक्टर यांच्यात मतभेद झाला तर पतीने मौन धरू नये. त्याचे एक वाक्य त्या घरात पत्नीच्या दहा वाक्यांइतके चालते.

बाळंतपण मुंबईतच ठरले असेल तर परळ-लालबागच्या रहिवाशांनी दोन ऋतूंचा विशेष विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी शहर ठप्प झाले होते; हिंदमाता व आसपासच्या सखल भागांत तर मोठ्या पावसात पाणी तुंबते हे सर्वांस ठाऊक आहे. भाद्रपदात लालबागचे रस्ते भाविकांनी भरून जातात. या दिवसांत तारीख असलेल्या दांपत्याने रुग्णालयाकडे जाणारा दुसरा रस्ता एकदा पायी चालून पाहावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गल्लीत कोठवर येऊ शकेल हे चाळीतील मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलून ठेवावे. गर्दीला वाट करून देण्यात या कार्यकर्त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणे, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे यापैकी एक जरी लक्षण दिसले तरी रस्ता मोकळा होण्याची वाट न पाहता निघावे.

जन्मानंतर

बाळ जेथे जन्मले तेथील निबंधकाकडेच जन्माची नोंद होते; आईवडील राहतात तेथे नव्हे. नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. रुग्णालयात जन्म झाल्यास नोंद कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, पण आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग आणि कायमचा पत्ता बरोबर लिहिला गेला की नाही हे कोणीतरी पाहावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. बारशापूर्वी नोंद झाली तरी हरकत नाही. बाळाचे नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. मुंबईच्या शाळेत मुलाचे नाव घालावयाचे आणि दाखल्यासाठी सावंतवाडीला खेपा घालावयाच्या, हा प्रकार शिक्षकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. पिता बाळाला पाहण्यास गावी जातो तेव्हाच दाखल्याच्या चार प्रती घेऊन यावे.

सव्वा महिना झाला की मुंबईला परतण्याचे बेत सुरू होतात. नेमका तोच काळ, म्हणजे सहा आठवडे पूर्ण होण्याचा, बाळाच्या दुसऱ्या टप्प्यातील लसींचा असतो. गावच्या आरोग्यसेविकेला वाटते बाळ मुंबईला जाणार, तेथे टोचून घेतील. मुंबईच्या आरोग्य केंद्राला बाळ जन्मल्याचेच ठाऊक नसते. म्हणून सहा आठवड्यांची लस गावी घेऊन, तिची नोंद कार्डावर करून, दोन-तीन दिवसांनी बाळाचा ताप उतरल्यावर गाडीत बसावे, आणि मुंबईत आल्यावर पहिल्या आठवड्यात ते कार्ड आपल्या विभागातील आरोग्य केंद्रात दाखवून पुढील लसीची तारीख घालून घ्यावी.